काट्याच्या पावतीमागे

सावद्याला, फैजपूर रस्त्यावर,
केळीच्या कोल्ड स्टोरेजला लागून आमचं ऑफिस.
एक टेबल, एक काटा, तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
ट्रक भरेस्तोवर रात्रीचे दोन वाजतात.
तोवर आम्ही सिनेमावर बोलतो.

रमजान तडवी खांद्यावरची चुंबळ न काढता म्हणतो,
"सिनेमा घडासारखा पाह्यजे भो.
दांड्याले धरून उचलला
का सगळ्या फण्या एकदम उचलल्या पाह्यजे.
एखादी खालीच राह्यली, तर समज
लिहिणाऱ्याले झोप लागली व्हती."
एवढं बोलून तो पुढचा घड घेतो.

ज्योत्स्नावहिनी नेहेते जीएसटीचं काम बघतात.
त्या सिनेमाची गोष्ट कधीच सांगत नाहीत,
एक जागा सांगतात.
"त्यात ती रात्री दाराची कडी लावत नाही,
नवरा उशिरा येतो म्हणून.
आणि एके रात्री लावते.
तो कडी वाजवतच नाही.
ओट्यावर बसतो,
बुटाची नाडी सोडतो,
पुन्हा बांधतो."
कॅलक्युलेटरवरचं बोट तसंच ठेवून विचारतात,
"हे कागदावर किती ओळींचं असेल हो?
आणि आधी किती ओळी लिहून खोडल्या असतील?"
मी उत्तर देत नाही. मी नाव विचारतो,
काट्याच्या पावतीमागे लिहून घेतो.

अय्युब पिंजारी कंप्रेसर सांभाळतो.
आम्ही मोबाइल वजनमापाला टेकवून सिनेमा लावतो,
तो आपला आतल्या खोलीत, यंत्रापाशी.
दहा वर्षांत त्यानं आमच्यासोबतचा
एकही सिनेमा पाहिलेला नाही,
सगळे ऐकलेत.
मध्येच आतून ओरडतो,
"आता मरणार तो! सारंगी आली!"
आणि पाच मिनिटांनी तो मरतो.
"बघा," अय्युब म्हणतो, "चुगलखोर वाद्य.
चांगला वाजवणारा आधी सांगत नसतो."

त्या रात्री बलकारचा ट्रक होता, पानिपतचा.
चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला,
"कोई ऐसी बताओ जी, जो सोने ना दे."
आम्ही एकदम बोलायला लागलो.
रमजाननं मारामारीचा सांगितला,
वहिनींनी कडीचा,
मी माझा, जो मी कुणालाच सांगत नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
कंप्रेसर थांबला.

अय्युब जनरेटरकडे धावला नाही.
अंधारात नुसता म्हणाला, "ऐका."
गार होणाऱ्या इंजिनाची टिकटिक.
पाइपातून बादलीत पडणारा थेंब.
वहिनींच्या बांगड्या, एकदाच.
लांब, स्टेशनकडे, मालगाडी ब्रेक लावत होती
डब्यामागून डबा, डब्यामागून डबा.
"सकाळपासून मी वाजवत होतो," तो म्हणाला,
"तुम्हाला आत्ता कळलं."
मग माल खराब होईल म्हणून धावत गेला.

बलकारनं पावती घडी करून
पगडीत खोचली. तीन नावं.

अठरा दिवसांनी ती परत आली,
दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हातून.
हा गाझीपूरचा. म्हणाला, ढाब्यावर दिली कुणी सरदारजीनं,
सावद्याला काट्यावर द्या म्हणून.
पहिल्या नावावर काट मारलेली.
माझ्या नावापुढे काहीच नाही.
कडीच्या सिनेमाखाली चार ओळी,
गुरुमुखीत, बॉलपेनानं, कागद फाटेल इतक्या दाबून.

इथे कुणाला वाचता येतं?
गाझीपूरवाल्यालाही नाही.
रमजाननं लांबी बघितली. "चार ओळी. म्हंजे आवडला."
"नाहीतर भांडतोय," वहिनी म्हणाल्या,
पण पावती हातातून सोडली नाही.
अय्युब दारात उभा, हात पुसत.
"कुणीतरी मोठ्यानं वाचा ना."
"अरे, येत नाही वाचता."
"येईल तसं वाचा."

मी पावती उलटी केली.
भरलेलं वजन, रिकामं वजन, फरक.
माझंच अक्षर. तेवढं वाचलं,
एकेक आकडा, सावकाश.
तो मान हलवत राहिला.